चाकाचं कातडं

३ फेब्रुवारी १९३६

तिसरा सदरा! पंधरा दिवसांत तिसरा. बाह्यांवर काळे फराटे, पोटावर काळे पंजे. रिठ्याने जात नाहीत, सोड्याने जात नाहीत. सखू दगडावर आपटून आपटून दमली. वर मलाच विचारते, "बाई, डाक्टर मोटार चालवतात का कोळसे भरतात?"

मोटार वळवायच्या चाकावर कातडं आहे ना, ते कुजलंय. खारी हवा आणि ह्यांच्या हातांचा घाम. धरलं की काळा कीट हाताला, तिथून सदऱ्याला, तिथून माझ्या वाट्याला. साहेबाकडून जुनी गाडी घेतली तेव्हाच म्हटलं होतं, एवढं बदलून घ्या. "बघू." ह्यांच्या "बघू"ला चार वर्षं झाली!

४ फेब्रुवारी

कोल्हापूरहून विहीणबाईंचं पत्र. पत्र कसलं, हुकूम! "बावीस तारखेला अमावास्या. तिच्या आधी सुमेधाला न्यायचं तर न्या. आठवा लागला की आम्ही पाठवणार नाही. बाळंतपण इथेच होईल." तळाशी सुमेधाच्या हातच्या दोन ओळी — "आई, बाबांनाच गाडी घेऊन पाठव. सर्व्हिसच्या मोटारीत मी पाऊल टाकणार नाही."

कशी टाकील? मागल्या वर्षी त्याच मोटारीने आंबा घाटातून धक्के खात आली आणि आठ दिवसांत सगळं संपलं. चौथा महिना होता. पोर पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. या खेपेला ती माझ्या माजघरात, बापाच्या डोळ्यांसमोर मोकळी झाली पाहिजे. मला दुसरं काही नको.

ह्यांना पत्र मीच वाचून दाखवलं. हल्ली सगळं मीच वाचते. पत्रं, वर्तमानपत्र, पंचांगसुद्धा. "तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." लग्नाला चोवीस वर्षं झाली, आता बरं वाटायला लागलं! "सतरा तारखेला निघतो," म्हणाले.

मी म्हटलं, आधी ते चाक. घाटात हातात कातड्याचा लगदा आला तर?

"बघू."

६ फेब्रुवारी

आज वाजलं. चांगलंच.

दिवेलागणीला निवळीहून माणूस आलेला, सुनेला कळा सुरू झालेल्या. ह्यांनी सांगितलं, उजाडल्यावर येतो. कळा काय उजाडायची वाट बघतात? बिचारा बैलगाडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. पूर्वी मध्यरात्री कंदील घेऊन धावणारा माणूस हा! हल्ली दिवे लागायच्या आत घर. म्हटलं, गाडीची भीती वाटते का? मग तेवढं कातडं बदला की!

तर म्हणे, "कातड्याला हात लावायचा नाही. मला त्याची सवय आहे."

सवय! वरच्या बाजूला टाके उसवून एक जाडजूड गाठोळं झालंय दोऱ्याचं, ते हाताला टोचत कसं नाही? "ते तर मुळीच काढायचं नाही," म्हणाले. आणि उठून पडवीत जाऊन बसले. दाराला खांदा आपटला, त्याचाही राग माझ्यावरच काढलानी.

७ फेब्रुवारी

अबोला. दुपारपर्यंत. मग सुपारी मागितलीनी.

८ फेब्रुवारी

आज ह्यांच्याबरोबर पालीपर्यंत गेले, मावशींना बघायला. मागे बसले होते. पुढे कंपौंडर आत्माराम. पण त्या माणसाच्या तोंडाला काही कुलूप? "डॉक्टर, डाव्या अंगाला बैल. डॉक्टर, समोर गवताचे भारे घेऊन बायका. डॉक्टर, मोरी आली. आता वळण, उजवीकडे." दवाखान्यात मुका आणि मोटारीत पोपट! ह्यांना डोळे नाहीत का, म्हणून मी खेकसले. तो गप्प झाला आणि लगेच हे म्हणाले, "बोलू दे गं. करमणूक होते."

माझी तर डोकेदुखी झाली.

परत येताना काशीराम जीनगराच्या दारी मुद्दाम थांबायला लावलं. त्याच्या आज्याने शिवलेली खोगिरं कलेक्टरच्या घोड्यांवर असायची. म्हटलं ह्याच्या घरात सुई तर असेल. काशीराम कानाला हात लावून म्हणतो, "वहिनी, आम्ही सोडलं ते. आता गणपती, मखरं, देवादिकांची चित्रं. कातड्याला शिवत नाही." मी म्हटलं, आणि पायात काय घातलंयस, केळीचं पान? हसला. शेवटी माळ्यावर चढून खोगिराचं एक जुनं कातडं काढून दिलंन. मऊ, तांबूस, आज्याच्या हाताने कमावलेलं. हातात दिलं नाही हो — काठीने पुढे सरकवलंन!

हे गाडीतूनच ओरडले, "उगाच खटाटोप करू नकोस." ऐकलं न ऐकलंसं केलं.

१० फेब्रुवारी

देवच पावला. जयगडहून बोलावणं आलं. तिथे मोटार जात नाही, मचव्याने जायचं. हे आणि आत्माराम पहाटे गेले, परवा येतील. गाडी इथे मांगरात, छपराखाली उभी.

सखूला लगेच मांडवीला पिटाळलं, भिकाजीकडे. भिकाजी म्हणजे आमच्या बागेला कुंपण घालणारा म्हातारा. पण त्याची खरी उमर गेली आगबोटीवर, सुकाणी म्हणून. आता घरी बसून शिडं शिवतो. निरोप धाडला, शीड शिवतोस तर मोटारीचं चाक शिव.

उत्तर आलं — "त्यात काय! येतंय सकाळी."

याला म्हणतात माणूस. "बघू" नाही, काही नाही.

११ फेब्रुवारी

झालं एकदाचं!

भिकाजीने कातडं काल रात्रीच भिजत घालायला सांगितलं होतं. ओलं असताना ताणून शिवायचं, सुकलं की आपोआप गच्च बसतं. तळव्याला चामड्याची पट्टी बांधून, हे एवढं दाभण घेऊन बसला. जुनं कातडं कापायला लागला आणि मध्येच थांबला. त्या वरच्या गाठोळ्यावरून बोट फिरवत राहिला.

"वयनी, ही उसवण नाय. ही गाठ हाय. कोणीतरी मारलेली."

म्हटलं, असेल. काप.

"आमच्या बोटीच्या चाकाला अशीच असायची. वरल्या दांडीवर. काळोखात डोळ्यांना काय दिसत नाय, तवा सुकाणी हातानं गाठ शोधतो. गाठ वर आली की बोट सरळ. डाक्टरांनी मुद्दाम मारलेली असंल. इचारा त्येंना."

मला हसू आलं. म्हटलं, भिकाजी, डॉक्टर काय समुद्रात जातात रात्रीचे? दिवस मावळायच्या आत घरी असतात ते. काप ती!

"इचारा तरी."

"काप म्हणते ना!"

कापलंन. पण मान हलवत होता. मग काय सुरेख शिवलंन म्हणता! टाका दिसत नाही की शिवण लागत नाही. सगळीकडे सारखं, बाळाच्या गालासारखं गुळगुळीत. चाकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. भिकाजीला धोतरजोडी दिली, ती मात्र आनंदाने घेतलीन. जुनं कातडं उकिरड्यावर.

मी चारदा जाऊन हात फिरवून आले.

१२ फेब्रुवारी

हे आले. मी हौसेने मांगरात घेऊन गेले. "डोळे मिटा," म्हटलं. मिटलेनी. ह्यांचा हात चाकावर ठेवला.

वाटलं, हसतील. निदान रागावतील तरी. काही नाही. दोन्ही हात चाकावरून फिरवत राहिले. एक वेढा, दोन वेढे, पुन्हा उलटे. तोंड उतरलं.

"वरची गाठ?"

"कापली. नवं बघा ना कसं झालंय!"

"छान झालंय," म्हणाले. आणि जेवायला आलेच नाहीत. पित्त झालंय म्हणे.

माणसाचं करावं तरी किती! एवढं मन लावून करून घेतलं, तर सुतक असल्यासारखं तोंड. माझंच चुकलं. काळे सदरेच बरे होते.

१४ फेब्रुवारी

दौत दोनदा कलंडली. अक्षर बघून घ्यावं.

सतराला निघायचं, आणि दोन दिवस गाडी हलवली नाही. म्हटलं, हातखंब्यापर्यंत तरी चालवून बघा, नवं कातडं हाताला बसेल. "आत्माराम आला की जाऊ." आत्माराम बहिणीकडे गेलेला, उद्या येणार. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "आत्माराम काय तुमची काठी आहे का? मी बसते पुढे. चला!"

हे उठले. गाडीपुढे जाऊन स्वतः हँडल फिरवून यंत्र सुरू केलंनी, येऊन बसले.

सकाळचे दहा. लखलखीत ऊन. मांगरातून निघून उजवीकडे वळलो, फाटक समोरच. वळल्यावर चाक सरळ करायचं. हे चाकावर नुसते हात फिरवताहेत, चाचपताहेत. मला विचारतात, "सरळ झालं का गं?"

"मला काय विचारता? समोर बघा की!"

आणि गाडी सरळ कुंपणाच्या गडग्यावर. परवाच चुना मारून घेतलाय मी त्याला, सुमेधा येणार म्हणून. पांढराफटक, छातीएवढा जांभ्याचा गडगा! आंधळ्यालासुद्धा दिसेल, असं मी ओरडणार होते.

ओरडले नाही. ह्यांच्या तोंडाकडे बघितलं; डोळे गडग्यावर नव्हतेच, कुठेतरी बाजूला होते.

लागलं कोणाला नाही. एक दिवा फुटला. हे चाकावर डोकं टेकून बसले होते. मी खाली उतरले, ह्यांचा हात धरला. धरू दिलानी. घरापर्यंत.

१५ फेब्रुवारी

आत्माराम आला. त्याला विहिरीवर गाठला. म्हटलं, खरं सांग. कधीपासून?

रडायलाच लागला. "गणपतीपासून, वहिनी. मधलं सगळं धुरकट. कडेचं तेवढं दिसतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस सुकतेय, इलाज नाही. मला शपथ घातलेली. म्हणाले, गाडी बंद झाली की दवाखाना बंद, आणि तुझ्या वहिनीला कळलं तर ती जेवायची नाही."

ती गाठ ह्यांनीच मारली होती. दिवाळीत. मी आत फराळाचं करत होते तेव्हा.

आणि मी म्हणत होते करमणूक! बैल, बायका, मोरी, वळण — तो आत्माराम पोपट नव्हता, तो ह्यांचे डोळे होता. काठी म्हटलं मी. काठीच होता!

पण राग येतो. येतोच. तसले डोळे घेऊन माझ्या पोरीला घाटातून आणणार होतात तुम्ही? पोटातल्यासकट? आत्माराम बोलेल, हे वळवतील, आणि तो एकदा शिंकला म्हणजे? कोणत्या तोंडाने "सतराला निघतो" म्हणालात! ती बापाच्या भरवशावर बसलीय तिकडे. भिकाजीने ती गाठ कापली नसती तर हे गेले असते. मी दही घातलं असतं हातावर.

दिवसभर चूल फुंकत होते, त्यामुळे डोळे लाल. सखूने विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी

जावयांना तार केली. "मोटार नादुरुस्त. टॅक्सी करून तुम्हीच सुमेधाला सावकाश आणावे." पैसे इथून पाठवले. विहीणबाई काय म्हणायचं ते म्हणोत.

ह्यांना म्हटलं, दिवा फुटलाय, दुरुस्तीला माणूस मिळत नाही. "बरं," म्हणाले. तेवढंच. ह्यांना ठाऊक आहे दिवा नसला तरी गाडी चालते. मलाही ठाऊक आहे. दोघंही दिव्यावरच बोलत बसलो, अर्धा तास.

दुपारी हे झोपले तेव्हा मोटारीचं हँडल आणलं आणि माजघरात तांदळाच्या कणगीत खोल पुरून ठेवलं. पार कोपरापर्यंत हात घालून.

१७ फेब्रुवारी

हे सकाळी मांगरात जाऊन गाडीत बसले होते. नुसते. चाकावर हात ठेवून. मी चहा तिथेच नेऊन दिला.

१९ फेब्रुवारी

सुमेधा आली. सुखरूप! आंबा घाटात तीनदा थांबवून आणलंनी जावयांनी. पायांना थोडी सूज आहे, बाकी पोर टवटवीत, ओठांवर हसू. दारातच ओवाळलं.

आल्या आल्या विचारलंन, "बाबा, तुमची गाडी कशी हो बिघडली?"

मी भाताचं तपेलं उतरवायला आत वळले. कणगीतले तांदूळ रोज मीच काढते, सखूला हात लावू देत नाही.

हँडल हरवून आज तीन दिवस झाले. ह्यांनी एकदाही विचारलेलं नाही, कुठे आहे म्हणून.