बुडणाऱ्या गावचं फाटक

जुनं मर्रिंगल, ३ मार्च १९५६

चि. क्लिफ यास अ. उ. आ.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तू क्वीन्सलंडात ऊस तोडतोस हे परवा लोकर कातरणाऱ्यांकडून कळलं. पत्ताही त्यांनीच दिला.

धरणाचं पाणी हिवाळ्यात, जूनमध्ये येणार. अख्खं गाव पाच मैल वर टेकडीकडे चाललंय. लाकडी घरं उचलून ट्रकवर ठेवतात. कपाटातल्या कपबशासुद्धा काढू नका म्हणतात, तरी तुझी आई काढतेय. चर्च गेलं, सैनिकांचं स्मारक गेलं. बँक विटांची, ती बुडणार. शेजारचा पर्सी डगन म्हणाला, आधी पब हलवा, म्हणजे म्हातारे न सांगता मागे चालत येतील.

मला झोप नाही. तू आलास तर सवयीने गिरणीपाशी जुन्या घराकडे वळशील, आणि तिथे पाणी! म्हणून लिहितो: नव्या गावात आपलं घर स्मारकामागच्या दुसऱ्या गल्लीत. नदीकाठची जमीन मी सही करून धरणाला दिली, पण सगळ्यांनीच दिली. आईचे गुडघे दुखतात.

तुझा बाप,
आल्फ

इनिसफेल, २ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

सगळ्यांनी दिली, पण घरात विचारून. ती जमीन दहा वर्षं मी नांगरली, आणि ती गेल्याचं मला पबात कळलं, पबवाल्या टूहेबाईंच्या तोंडून. नवं गाव बघायची हौस नाही. घर उचलण्याआधी धुराडं पाडावं लागेल, त्यासाठी तुम्ही छपरावर चढू नका. आईला जपा.

लोभ आहेच, येणं मात्र नाही.

क्लिफ

नवं मर्रिंगल, २० जून

चि. क्लिफ यास अ. उ. आ.

घर पोचलं. कपाटात राहिलेली एकही बशी फुटली नाही, आईने खोक्यात भरलेल्या मात्र चार फुटल्या. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

पाणी नदीकाठच्या कुंपणाला लागलं. काल पर्सीच्या ट्रकमधून जाऊन तू केलेलं फाटक काढून आणलं. पर्सी वाटभर कुरकुरला, की आल्फ, तुझ्या नव्या घराला कुंपण नाही, फाटक मिरवतोस कशाला. तरी दारात लावलं. पण इथली जमीन उताराची, ते खाली घासतं. आई रोज उचलून उघडते, दुखऱ्या गुडघ्यांनी. पर्सी म्हणतो, खालची फळी काप.

करवत काढून ठेवलीय. पण लाकूड तुझ्या हातचं, म्हणून या वेळी आधी विचारतो. कापू का, की तू येऊन नीट बसवतोस? जीव थाऱ्यावर नाही. लवकर कळव.

तुझा बाप,
आल्फ