वाटीतलं दूध

आये, आज दुपारपासून मला एका जागी बसवत नाही. चहा टाकला तो उतू गेला, परत टाकला आणि प्यायचीच विसरले. माझ्या लेकीला, तुझ्या नातीला मुलगा झालाय. कुडाळच्या दवाखान्यात आहेत दोघं, आणि बाळ पिवळं पडलंय. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, अंगावरचं दूध थांबवू नका, उलट झोपेतून उठवून पाजा. त्या बोलत होत्या आणि मला आपली बाळंतिणीची खोली दिसत होती.

ही तुझी नात, तेव्हा हीच पिवळी होती. बारसं झालं तरी उतरेना. तू रोज तिला दारात उजेडाला धरायचीस, नाकावर बोट दाबून बघायचीस आणि परत माझ्याकडे आणून द्यायचीस. माझ्या जेवणातली हळद तर तू कधीच बंद केली होतीस. शेवटी एसटीनं मालवण गाठलं. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि म्हणाले, पोर चांगली वाढतेय, पण आईच्या दुधामुळे काही मुलांची कावीळ लांबते. दोन दिवस अंगावरचं बंद ठेवा, डब्याचं द्या, मग पुन्हा सुरू करा. त्या काळी तसंच सांगत, असं आजच्या बाईंनी मला समजावलं. मी मात्र एवढंच ऐकलं होतं, की माझ्या दुधामुळे.

ते दोन दिवस मी तुझ्या घरात कशी येरझाऱ्या घालतेय ते अजून दिसतं. छाती दगडासारखी झालीय, पोर डब्याच्या दुधाला तोंड वाकडं करतेय, आणि वाटीत पिळलेलं माझं दूध तू माडाच्या मुळाशी नेऊन ओततेयस, कुणाचा पाय पडू नये म्हणून. पिवळेपणा खरोखरच उतरला आणि तिथेच माझं डोकं फिरलं. पुन्हा पाजायची वेळ आली तर मी पोरीला हात लावेना. परत पिवळी झाली तर? माझं दूध तिला विषच असलं तर? तू समजावलंस, रागावलीस, शेजारच्या काकीला बोलावून आणलंस. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

मग तू भरलेली वाटी उचललीस. मला वाटलं, निघालीस माडाकडे. तू माझ्यासमोर येऊन ती तोंडाला लावलीस आणि सगळी संपवलीस. पदरानं तोंड पुसत म्हणालीस, "ह्या वीख असात तर आधी माका चढांदे. घे चेडवाक."

मी पोरीला घेतलं. ती पुन्हा काही पिवळी झाली नाही. त्या वाटीबद्दल आपण दोघी नंतर कधी बोललोही नाही.

आज सकाळी तीच पोर, पंपानं काढलेलं दूध बाटलीत भरता भरता, खालच्या आवाजात विचारते, "आई, माझ्या दुधामुळे तर नसेल ना?" बाईंनी एवढं सांगूनही. मी समजवायला गेले आणि हात आपला बाटलीकडे गेला. झाकणात थोडं ओतून घेतलं आणि तिच्यासमोर पिऊन टाकलं. ती आधी हसली आणि मग रडायला लागली. थोड्या वेळानं तिनं बाळ मागून घेतलं.

गोड असतं, आये. तू सांगितलं नव्हतंस.

तू आता नाहीस, हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. त्या दिवशी मी पोरीला पदराखाली घेतलं ते तुझ्या धाकानं. तुझ्यावर विश्वास बसला तो आज सकाळी.