कागद सुखरूप आहेत

सौ. ताईस नमस्कार. तुझा गुडघा आता वाकतो का, ते कळव. मी धडधाकट आहे. फक्त संतापाने घास उतरत नाही, आणि त्यावर डॉक्टरकडे गोळी नसते.

शिवणशाळेतल्या नोकरीचं काय झालं म्हणून विचारलंस. मूळ प्रमाणपत्रं घेऊन अकराला मुलाखतीला हजर राहायचं होतं. कागद पिशवीत घालून मी एकटी निघणार होते. पण प्रवासात बायकांच्या पिशव्या हमखास चोरीला जातात असा यांचा समज (हे स्वतः तीन छत्र्या गाडीत विसरले, त्या धरायच्या नाहीत), म्हणून हे सोबत निघाले. माझ्याकडूनच कमरेचा कापडी पट्टा शिवून घेतला. त्यात माझी प्रमाणपत्रं, माझं ओळखपत्र, होते नव्हते तेवढे पैसे (यांच्या चहापुरती चिल्लर सोडून), दोघांची तिकिटं, आणि वर पट्ट्याचं तोंड दुहेरी टाक्याने बंद! तिकीट तपासनीस आला तेव्हा यांनी भर डब्यात सदरा वर केला आणि मी यांच्या पोटावर कात्री चालवली. तो गेल्यावर पुन्हा शिवलं. समोरच्या बाईंनी मुलांना खिडकीबाहेर बघायला सांगितलं.

पुढच्या स्टेशनावर हे चहा प्यायला उतरले आणि गाडी सुटली. मी दारातून हाका मारतेय, आणि हे कप हातात धरून उभे. धावले असते तर सहज चढले असते. नंतर म्हणाले, धावल्यावर पट्टा सरकला असता.

जवळ दमडी नाही, म्हणून उतरल्यावर मी शिवणशाळेपर्यंत चालत गेले. तिथल्या कारकुनाने सभ्यपणे विचारलं, "बाई, तुम्ही म्हणजे तुम्हीच, याला पुरावा काय?" मी म्हटलं, "पुरावा मागच्या स्टेशनावर चहा पितोय." ताई, बावीस वर्षं मी शिवण शिकवतेय, आणि त्या बाकावर बसून वाटलं की मी कुणीच नाही. फार अपमान वाटला गं. चारला कचेरी बंद होताना हे आले, पट्टा थोपटत: "बघ, एक कागद हलला नाही!" वर मी कौतुक केलं नाही म्हणून घरी येईपर्यंत हेच घुश्श्यात.

असो. गेली ती नोकरी. भावजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी

ता. क. नोकरी गेली हे यांच्यासाठी लिहिलं, पत्र टाकण्याआधी हे वाचतात. आता वाचून झालंय. कारकुनाने मला येत्या बुधवारची वेळ दिली आहे.

आणखी एक. चोर पाळतीवर आहेत म्हणून हे घरातही पट्टा बांधून असतात. काल अंघोळीला गेले तेवढ्यात मी तो उसवला, माझे कागद काढले, जुनं वर्तमानपत्र भरलं आणि त्याच दोऱ्याने शिवून टाकला. मंगळवारी तुझ्याकडे येते. तू अंथरुणाला खिळलीस असं यांना सांगितलंय, तेव्हा कृपा करून आठवडाभर खिळून राहा. हे सोबत येणार नाहीत. एवढे मोलाचे कागद घेऊन प्रवास नको म्हणतात. मी परत कधी येणार असं यांनी विचारलं, तर ठाऊक नाही म्हणून कळव. ते खोटं होणार नाही. मी अजून ठरवलेलं नाही.