आत्याच्या चकत्या

४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, आधी खाली बस. क्लबच्या भिंतीवरचं तुझं नाव काल पुसलं! महिलांची डेडलिफ्ट, एकशेचाळीस किलो. चाळीस वर्षं आम्हाला वाकुल्या दाखवणारा तो विक्रम मी वजनाच्या नव्या चकत्यांवर अडीच किलोने मोडला. जमिनीवरून उचललेला बार गुडघ्यापाशी आला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण सोडला नाही. आता आत्याला तोंड कसं दाखवणार, असं कोचनी विचारलं. मी म्हटलं, दात काढून.

तुमच्या काळी हा खेळ होता तरी कसा गं?

लोभ असावा, निदान एकशेचाळीस किलोचा.

तुझी,
चिमणी

१२ जून

चि. चिमणीस,
अ. आ.

शाब्बास गं भवाने! म्हातारीचं नाव पुसताना लाज नाही वाटली?

खेळ होता, आपल्या गावात त्याला धड नाव नव्हतं. वेटलिफ्टिंग संपलं की उरलेली मंडळी काहीबाही उचलून दाखवायची. त्यातल्या तीन उचली टिकल्या: स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट. त्याचं झालं पॉवरलिफ्टिंग. आम्हा बायकांचा नंबर पुरुषांच्या चहाच्या सुट्टीत. चकत्या पुरुष नेत, म्हणून मी कारखान्यातल्या लेथवर लोखंड कातून माझ्या स्वतः केल्या. पुढे ते उचलीला जोर देणारे घट्ट सूट आले. एकीला आत कोंबायला दोघी लागायच्या. आता म्हणे पुन्हा नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर उचलतात. म्हणजे फिरून आमच्यापाशीच आलात.

कंबर सांभाळ. माया आहेच, ती मोजू नकोस.

तुझी आत्या

२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घोळ झालाय. नव्या हॉलमध्ये सामान हलवताना कोचनी तुझ्या जुन्या चकत्या काट्यावर ठेवल्या. विसाची प्रत्येक चकती साडेवीस भरली! विक्रमाला अशा सहा होत्या, शिवाय वीस किलोचा बार. म्हणजे तू एकशेत्रेचाळीस उचललंस आणि मी अर्ध्या किलोने हरले. दुकानातला वाणी तरी बरा, तो कमी मोजतो. कोच म्हणतात, जुनी चूक, सोडून दे. लेथवर एवढी चूक तुझ्या हातून? खरं सांग.

रागावलेली,
चिमणी

९ जुलै

चि. चिमणीस,
अ. आ.

चूक कसली डोंबलाची! बाईने स्वतःच्या हाताने केलेल्या चकत्या, हलक्याच असणार, असं कुणीतरी म्हणेलच, हे मला माहीत होतं. म्हणून लेथवर शेवटचा काप मुद्दाम घेतला नाही, अर्धा किलो लोखंड जास्तच ठेवलं. कुणी काटा आणला की त्याचं तोंड बघायचं, एवढीच हौस होती.

चाळीस वर्षांत एकाही मेल्याने काटा आणला नाही. संशय घ्यावा एवढीही आमची किंमत नव्हती गं. ते अजून लागतं मनाला.

तुझं नाव राहू दे भिंतीवर. मला आता जिना चढला तरी विक्रम.

तुझी आत्या

१५ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझं नाव मीच थिनरने पुसलं. तुझं लिहिलंय, पुढे एकशेत्रेचाळीस. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे. कोच कुरकुरले, त्यांना तुझं पत्र वाचायला दिलं, मग त्यांनीच ब्रश धुतला.

पुढच्या महिन्यात सात तारखेला मी एकशेपंचेचाळीस उचलणार, तुझ्याच चकत्यांवर. तुला मोडायचं तर तुझ्यासमोर. ये.

तुझी,
चिमणी

२१ जुलै

चि. चिमणीस,
अ. आ.

येते. काटा माझा आणते.

आत्या