ठिपक्यांची बकुळ

मी, ढुंढिराज गणेश खरवंडीकर, चित्रकार, राहणार बालाजी घाट, वाराणसी, शरीराने खंगलो असलो तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवतो की:

१. मला मूलबाळ नाही. घरातला माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ वेणीमाधव यास मिळावा. दुसरे आहेच कोण?

२. बँकेतली शिल्लक क्रियाकर्मास वापरावी. उरलेच तर घाटावरच्या नावाड्यांना चहा पाजावा.

३. रंग, कुंचले व पितळी चाळणी पुतणी शरदिनीस. चाळणी माझी दिवंगत पत्नी बकुळ हिच्या स्वयंपाकघरातली. तीतून रंग दाबून मी भिंतीवर ठिपके उठवायचो. कॉमिकमधल्यासारखी ठिपक्यांची नवरी, टपोरे डोळे, गालावर आसू, चेहरा बकुळचा. लग्नघराच्या दारावर लोकांना तीच हवी असायची! रिक्षांवर, पानाच्या टपऱ्यांवर तिच्याच नकला. रामनगरच्या एका छापखानेवाल्याने तर न विचारता स्टिकर काढले. त्या चोराला माझ्या तेराव्यालाही बोलावू नये. एक प्राध्यापक म्हणाले होते, "ही कला नव्हे, पोरांचं कॉमिक." त्यांच्याच मुलीच्या लग्नात दारावर हीच नवरी होती. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

४. ती सगळी चित्रे गेली. पुढचे लग्न निघाले की जुन्यावर चुना फिरतो, ही इथली रीतच. बकुळचा फोटो एकही नाही. तिला समोर बसवून काढलेली नवरी फक्त आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर आहे. माझा हात आता थरथरतो, पुन्हा जमणार नाही.

मार्गशीर्षात शरदिनीचे लग्न. वेणीमाधव म्हणाला, "दादा, लग्नघराच्या दारात गेलेल्या बाईचा चेहरा? लोग क्या कहेंगे?"

"अरे, सवाष्ण गेली ती!"

"तरी गेलीच ना, दादा."

जीव फार तुटला.

५. भिंत राखावी अशी अट घातली असती, पण मी गेल्यावर ती पाळतो कोण? म्हणून मागणे एवढेच. चुना मारणाऱ्याने सुरुवात तिच्या डोळ्यांपासून करावी. बाकीचे पुसले जाताना तिला बघायला लावू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे. सही वाकडी आली, पण माझीच आहे.

ढुंढिराज गणेश खरवंडीकर

साक्षीदार: शिवराम सप्रे, शेजारी
मोहन द्रविड, निवृत्त शिक्षक

वाराणसी, १४ ऑक्टोबर १९९६