चौथी नळी

धुळे,
ता. ९ मे १९६५

ती. दगाभाऊंच्या पायांवर धाकट्या शांतीलालचं डोकं.

इकडे आम्ही बरे आहोत. ऊन फार आहे. प्रयोगशाळेचे पत्रे दुपारी इतके तापतात की आमचे म्हातारे शिपाई भिकनदादा गोणपाट भिजवून खिडक्यांना लावतात. तापीच्या वाळूतली टरबुजं यंदा कशी झाली? आमची छोटी रंजना रोज आठवण काढते.

वहिनींच्या हातांची थरथर कमी झाली का, ते आधी कळवा. मागच्या दोन पत्रांत हेच विचारलं होतं. पुन्हा झटके आले नाहीत ना? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच बंद करू देऊ नका.

माझं काम नेहमीसारखंच चाललं आहे. पिकावरचं औषध जमिनीत किती खोल जातं ते पाहायचं, एवढंच. पत्र्याच्या कमरेइतक्या उंच नळ्यांत माती भरायची, वरून औषध आणि पाणी ओतायचं, आणि खालून जे ठिबकेल त्यात नदीतले लहान मासे सोडायचे. मासे जगले तर पाणी चांगलं. साहेबांना हा अहवाल छापायला पाठवायचा आहे. दोनदा विचारून झालं. मी अजून दिलेला नाही.

आपला सालदार चैत्या अजून शहाद्याच्या तुरुंगातच आहे, असं प्रकाशा गावाहून आलेल्या एका माणसाकडून कळलं. त्याची तारीख कधी आहे?

आणखी एक. उसाजवळच्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही ना? गुरांनाही पाजू नका. कारण आत्ता विचारू नका, पण एवढं ऐका.

उत्तर पाठवा. दोन ओळी चालतील.

तुमचा,
शांतीलाल


धुळे,
ता. १३ जून १९६५

ती. दगाभाऊंना शांतीलालचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. ‘विहीर साफ केली, पाणी चांगलं आहे, तू आपली नोकरी पाहा.’ वहिनींबद्दल त्यात काहीच नाही. चैत्याची तारीख मात्र कळवलीत, बारा जुलै. त्याबद्दल उपकार.

त्या तारखेला मी शहाद्याला येणार आहे. मॅजिस्ट्रेटपुढे जे सांगणार आहे ते तुम्हाला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून आज सगळं क्रमाने लिहितो. यातलं निम्मं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारीत आपलं इंजिन बिघडलं आणि उसाला महिनाभर पाणी मिळालं नाही. मी सुट्टीवर आलो तेव्हा सऱ्यांत कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा होत्या. ऊस पोखरणारी अळी लागली होती. तिच्यावरच्या औषधाचे, एन्ड्रिनचे डबे मीच धुळ्याहून आणले. प्रमाण मी सांगितलं. सरीत ओता आणि लगेच पाणी सोडा, हेही मीच सांगितलं. इंजिन दुरुस्त झालं त्याच दिवशी तुम्ही तसं केलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीतले मासे वर आले. दुपारी वासरू गेलं. वहिनी भाकरी घेऊन शेतात आल्या होत्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि बांधावरच झटके येऊन पडल्या. त्यांची दातखीळ बसलेली मी पाहिली आहे. दातांवर दात घासल्याचा तो आवाज अजून कानातून जात नाही.

आणि आदल्याच दिवशी तुमचं नि चैत्याचं भांडण झालेलं होतं. त्याला होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला डोंगरात घरी जायचं होतं, तुम्ही सोडत नव्हता. तेवढ्यावरून गावाने ठरवून टाकलं. इंजिनघराच्या खांबाला त्याला बांधलं. तुम्ही मारलंत. तो एकच सांगत होता, “भाऊ, मी इहीरमा काही टाकेल नही. मी बी तेच पानी पियेल शे.” त्यालाही सकाळपासून ओकाऱ्या होत होत्या. लोक म्हणाले, सोंग करतो.

मग दुसऱ्या दिवशी पंच आले, फौजदार आले, आणि सगळ्यांदेखत तुम्ही मला विचारलंत, “शांत्या, तू शिकेल शे. बोल, औषध जमीनमाईन इहीरमा उतरस का?”

मी म्हणालो, “नही. वीतना खाले जास नही.”

आणि तसं लिहून सही करून दिलं. माझी पदवीही खाली लिहिली. तो कागद आज चैत्याच्या खटल्यात आहे. औषध जमिनीतून गेलंच नसेल तर कुणीतरी विहिरीत ओतलं असणार, एवढा सरळ अर्थ त्यातून निघतो.

माझ्याकडे आकडे होते. औषध वर्षाला वीतभर सरकतं असं धरलं तर पंचवीस हात खोल पाण्यापर्यंत पोहोचायला पन्नास वर्षं लागतात. कागदावर फार स्वच्छ दिसतं ते. पण भाऊ, हे आकडे ज्या नळ्यांवरून काढले, त्यांतली माती मी वाळवून, कुटून, चाळून, ठोकून भरली होती. पिठासारखी. आपल्या काळ्या रानात अशी माती कुठे आहे?

एप्रिलमध्ये मी आणि भिकनदादांनी काळ्या जमिनीचा एक ठोकळा भेगांसकट अखंड कापून काढला. फळ्यांची पेटी करून त्यात बसवला. आपल्याच प्रमाणात औषध ओतलं आणि पाणी सोडलं. अठराव्या मिनिटाला खालून धार लागली, गढूळ. त्यात सोडलेले मासे तासाभरात उलटे झाले. असं तीनदा केलं, तीनदा तेच. भेग ही मातीतली मोरीच आहे. पन्नास वर्षांची वाट ते औषध एका दिवसात उतरलं.

इथे पत्र संपवलं असतं तर माझी सुटका झाली असती. तेव्हा माहीत नव्हतं, आता कळलं, असं म्हणता आलं असतं. मागचं पत्र लिहिताना तसंच लिहायचं मनात होतं, म्हणून लिहवलं नाही.

जानेवारीत मी चार नळ्या भरल्या होत्या. तीन ठीक चालल्या. चौथीतली माती सुकून पत्र्यापासून सुटली, चिरली, आणि वर ओतलेलं पाणी दहा मिनिटांत खाली आलं. तिचे मासे मेले. मी वहीत लिहिलं, ‘भरण्यात दोष’, आणि ती नळी हिशेबातून काढून टाकली. भिकनदादा तेव्हाच म्हणाले होते, “साहेब, आपल्या शेतातली माती अशीच चिरते की.” मी त्यांना बाटल्या धुवायला पाठवलं.

पंचांपुढे उभा होतो तेव्हा ती नळी मला आठवली. नुसती आठवली नाही. विहिरीत वाकून पाहिलं तेव्हा उसाच्या अंगाला, दगडी बांधकामाच्या सांध्यांतून ओल उतरलेली दिसली होती. बाकी तिन्ही बाजू कोरड्या ठणठणीत. मी पाहिलं आणि मागे झालो. औषध मी आणलेलं, सल्ला माझा, पलंगावर पडलेल्या त्या माझ्या वहिनी. आणि समोर एक माणूस आधीच बांधून ठेवलेला होता. मला फक्त ‘नही’ म्हणायचं होतं.

बारा तारखेला मी कोर्टात हे सांगेन. साहेबांना कालच लेखी दिलं. ते म्हणाले, “लोक उद्या आपल्या कुठल्याच सल्ल्यावर विश्वास ठेवणार नाहीत.”

तुम्हाला गावात मान खाली घालावी लागेल, हे मला कळतं. मला अडवू नका.

शांतीलाल


तळोदा,
ता. २५ जुलै १९६५

दगाभाऊ,

हे पत्र तळोद्याहून लिहितो आहे. डोंगरातून काल उतरलो, पावसाने जीप अडकली आहे.

कोर्टात तुम्ही मागच्या बाकावर होता. माझं बोलणं सुरू झालं तसे उठून गेलात, म्हणून पुढचं सांगतो. सरकारी वकिलाने मला विचारलं, “तेव्हा खरे होता की आता खरे आहात?” मी म्हणालो, तेव्हा खोटं बोललो. त्याने आणखी काही विचारलं नाही. वही, पेटीचे आकडे, सगळं दिलं. दुपारनंतर चैत्याला सोडलं. तो माझ्या शेजारून गेला, बघितलं नाही.

बाहेर लिंबाखाली वहिनी उभ्या होत्या. त्या कोर्टात येतील असं मला वाटलं नव्हतं. हात पदरात गुंडाळून घेतले होते, तरी पदर हलत होता. त्या म्हणाल्या, “शांतीलालभाऊ, पानीले वास येत व्हता. औषधना. मी त्यासले त्याच सांजले सांगं व्हतं.”

म्हणजे तुम्हाला, ज्यांनी आदल्याच दिवशी तेच औषध सरीत ओतलं होतं. त्याच संध्याकाळी. पंच दुसऱ्या दिवशी आले.

तेरा दिवस मी हे वाक्य घेऊन हिंडतो आहे. त्या दिवशी मला विचारताना उत्तर तुम्हाला माहीत होतं, भाऊ. मलाही माहीत होतं. आपण दोघं एकमेकांकडे पाहत होतो आणि चैत्या मधे खांबाला बांधलेला होता. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुम्ही मला वाचवत होता की स्वतःला, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला फक्त एवढं वाटतं, की दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं, तर त्याचे चार महिने वाचले असते आणि कानही.

त्याच्या उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. तुमच्या हातून लागलेलं आहे ते.

परवा मी त्याच्या घरी गेलो. तळोद्यापासून जीपने, पुढे दोन नाले ओलांडून पायी. तो टोपलं विणत बसला होता, उठला नाही. मी डाव्या बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं, चौथ्या नळीचंसुद्धा. त्याला नळीशी काय करायचंय! त्याने विचारलं, “तवयच काबरं नही सांगं?”

मी म्हणालो, भीती वाटली.

त्याने आणखी एक कामटी वळवली. मग म्हणाला, “मालेबी भ्याव वाटत व्हतं.” एवढंच. माफ केलं असं नाही, आणि जा असंही नाही.

त्याची बायको दिवलीबाई चुलीपाशी होती. तिने मला पाणी दिलं नाही. मी मागायला नको होतं. निघताना तिने दारातूनच विचारलं, “त्या इहीरनं पानी आते कोन पेस?”

वहिनींकडून कळलं होतं की तुम्ही दोधू नावाचा नवा सालदार ठेवला आहे, तो बायकोमुलांसकट इंजिनघरात राहतो. विहीर तिथून वीस पावलांवर. तो दुसरं कुठलं पाणी पिणार?

आता पाऊस झाला आहे, भेगा मिटल्या असतील. वरून पाहिलं तर रान हिरवंगार दिसेल आणि पाणी निवळशंख. मासे नवे सोडले तर कदाचित जगतीलही. ते बघून कुणी सुरक्षित म्हणू नका, मी म्हणालो तरी ऐकू नका. किती राहिलं आहे, किती दिवस राहील, हे मला काढता येत नाही. मी पुन्हा पेटी भरेन, पुन्हा मोजेन, पण त्याला वर्ष लागेल. दोधूला आज तहान लागते.

त्याला आजच सांगा. का प्यायचं नाही तेही सांगा, खरं कारण. मी पुढच्या रविवारी येतो. घरी येणार नाही, तुम्हाला नको असेल तर समोरही येणार नाही. विहिरीला चारी बाजूंनी बाभळीचे काटे लावून रहाट उतरवून घेतो. तुम्ही आलात तर दोघांनी लवकर होईल.

तुमच्याइतकाच गुन्हेगार, तुमचा धाकटा भाऊ,
शांतीलाल