दूध हा माझा विषय

३ जून, सोमवार
आजपासून हिला फुल सपोर्ट. पोरीला अंगावर पाजायचं म्हणजे बापाचंही काम आहे म्हणे. दवाखान्यात नर्सबाईंनी बापांचा क्लास घेतला. आईला पाणी आणून द्या, पोरीची ढेकर काढा, लंगोट बदला, पाहुण्यांना वाटेला लावा. याला क्लास लागतो? मी डेअरीत क्वालिटी ऑफिसर. माझ्या सहीशिवाय टँकर हलत नाही आणि या बाई मला दूध शिकवणार! मागच्या बाकावर बसून हसत होतो. बाकीचे बाप लिहून घेत होते. मेंढरं नुसती.

४ जून
पाजताना हिने पाणी मागितलं. पाणी काय, कोणीही देईल. मेहुणा उठला. हिचा धाकटा भाऊ, पंखे-मिक्सर दुरुस्त करतो, म्हणजे रिकामटेकडाच. मदतीला म्हणून येऊन राहिलाय. असू दे, ग्लास भरण्यापुरता ठीक आहे. मी हिला फॅटचं गणित समजावून सांगितलं. हिने डोळे मिटले. लक्ष एकवटत असणार.

६ जून, पहाटे
पोरीचं भोकाड. पोझिशन चुकतेय, असं मी पलंगाच्या या टोकावरून लगेच सांगितलं. ही म्हणाली, मग उठ आणि उशी दे. उशी देणारे ढिगाने मिळतात, मार्गदर्शन करणारे मिळत नाहीत. शेवटी हिनेच उशी ओढली. पोरगी शांत. म्हणजे माझं निदान बरोबर होतं. आभार वगैरे कोणी मानले नाहीत.

१० जून
मेहुणा पोरीला खांद्यावर घेऊन ढेकर काढत फिरतो. तिने त्याच्या शर्टावर ओकारी काढली, तर हा खुळ्यासारखा हसतोय. मी उद्यापासून घेणार आहे. आज ऑफिसचा शर्ट होता.

१० जून
आजही ऑफिसचा शर्ट.

१२ जून
रविवारी हिची खात्याची परीक्षा. ही अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. पास झाली तर रजा संपल्यावर रात्रपाळी नाही, पोरीला रात्री जवळ घेऊन पाजता येईल. नाही तर पोरीचं अंगावरचं सुटेल, या धास्तीने ही अर्धी झालीय. पेपरच्या दिवसासाठी उद्यापासून पंपाने दूध काढून फ्रिजमध्ये ठेवणार. सगळं दोघा बहीणभावांनी ठरवलं. घरात दुधाचा माणूस बसलाय, त्याला विचारायची पद्धत नाही!

१४ जून
पंप घरघरतो, दूध थेंब थेंब. ही रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, आमच्याकडच्या मशीनचा स्पीड बघ एकदा. ही मेहुण्याला म्हणाली, याला बाहेर ने.

१५ जून, शनिवार, संध्याकाळ
ही झोपलीय, मेहुणा पोरीला घेऊन गच्चीवर. फ्रिज उघडला. काय ती बाटल्यांची दशा! वर पिवळट थर, खाली निळसर पाणी. वास घेतला, साबणासारखा. असला माल आमच्या गेटातून आत आला नसता. रिजेक्ट. सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या. पोरगी वाचली. डोळ्यांत तेल घालून बघणारा बाप लागतो, ते हे.

त्याच दिवशी, जेवणानंतर
हिला आनंदाची बातमी दिली. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. बेसिनचा काठ धरून उभी राहिली आणि रडली. मेहुण्याने नर्सबाईंना फोन लावला, मुद्दाम स्पीकरवर. आईचं दूध ठेवलं की थर येतोच, बाटली हलवली की मिसळतं. वासही कधी कधी तसा येतो. बाई म्हणाल्या, हे क्लासमध्ये सांगितलं होतं. मागे आवाज पोचला नसेल.

१६ जून, रविवार
नवा प्लॅन दिला: परीक्षेच्या हॉलबाहेर पोरीला मी सांभाळतो, मध्ये ही येऊन पाजेल. प्लॅन मंजूर, माणूस बदलला. मेहुणा गेला. खांद्यावर पोरगी, पिशवीत हिची पाण्याची बाटली, वर दोन जादा शर्ट.

मग मी काय करू, असं दारात विचारलं. हा प्रश्न मी हिला पहिल्यांदाच विचारला, असं ही म्हणाली. मग म्हणाली, बाटल्या धू.

धुतल्या. उकळल्या. खिडकीशी उजेडात एकेक धरून पाहिली. आत काही नव्हतं.